छंदाचे विणकाम : नक्षी कुठून घ्यावी, काय विणावे

दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा एवढ्या भांडवलावर सुरू होणारा हा छंद गोव्यासारख्या प्रदेशात एका साध्या प्रश्नापाशी अडतो. विणायचे ते कोणासाठी? डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारवा सोडला, तर येथे स्वेटर पेटीतच राहतो. इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा प्रश्न पडत नाही, बेळगावातही फारसा नाही. पणजीत किंवा हैदराबादेत मात्र आई-आजीने शिकवलेले सुलट-उलट टाके हाताला ठाऊक असूनही सुया कपाटात पडून राहतात. दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म आहे. साडीचा काठ, देवळाची भिंत, दारातली रांगोळी पाहून विणणारीला काहीतरी सुचते. पण दिसलेली नक्षी टाक्यांच्या हिशोबात कशी आणावी, हे तिला सहसा कोणी सांगितलेले नसते. मग पुस्तकातला एखादा नमुना जशाचा तसा उतरवला जातो आणि दुसऱ्या मफलरनंतर कंटाळा येतो.

विणकाम म्हणजे लोकरच, ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते. दोन सुयांच्या विणकामाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने अवशेष इजिप्तमध्ये सापडले. साधारण ११व्या ते १४व्या शतकांतील मोजे आणि मोज्यांचे तुकडे असे त्यांचे स्वरूप असून त्यांतील बहुतेक चक्क सुती आहेत, पांढऱ्या आणि निळीने रंगवलेल्या धाग्यांच्या नक्षीचे. म्हणजे ही कला पहिल्यांदा डोळ्यांना दिसते ती उष्ण प्रदेशात, सुती धाग्यात आणि दोनच रंगांत. पुढे युरोपच्या थंडीने तिला लोकरीशी बांधून टाकले आणि मिशनऱ्यांच्या व इंग्रज कुटुंबांच्या हातून ती भारतात आली, तेव्हा लोकरीसकटच आली.

सुती धाग्याचा स्वभाव मात्र ओळखून घ्यावा. त्याला लोकरीसारखी लवचीकता नाही. मनगटाची किंवा गळ्याची बॉर्डर एकदा सैल झाली, की पुन्हा आवळत नाही. धागा वजनाने जड असल्यामुळे मोठे वस्त्र स्वतःच्याच भाराने लांबते. अंगाला घट्ट बसणारे कपडे म्हणून टाळावेत. स्टोल, मेजावरचे आसन, भांडी पुसण्याचे फडके, बाळाचे सैल झबले यांत सूत शोभून दिसते. पिशवी विणायची तर एक-दोन नंबर बारीक सुई घेऊन वीण दाट करावी, नाहीतर चार नारळ घातल्यावर ती गुडघ्यापर्यंत लोंबते.

सुईच्या नंबरांचा घोळही येथेच निस्तरलेला बरा. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर इंग्लंडमधील जुन्या पद्धतीचे नंबर असतात आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकी नंबरांची चाल याच्या नेमकी उलट असून तेथील ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची भरते. परदेशी नमुना हाती घेताना नंबर सोडून द्यावा आणि मिलिमीटर पाहावेत.

नक्षी सुचण्याच्या बाबतीत केफ फॅसेट या चित्रकाराचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते देण्याजोगे आहेही. मूळचा अमेरिकन असलेला हा कलावंत इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. स्कॉटलंडमधील एका गिरणीत तेथील लोकरीचे रंग पाहून तो हरखला, वीस रंगांची लोकर आणि सुया घेऊन आगगाडीत बसला आणि लंडनला परतताना वाटेत एका सहप्रवाशाकडून टाके शिकला. १९८८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याचे प्रदर्शन भरले. हयात वस्त्रकलाकाराचे तेथील ते पहिले एकल प्रदर्शन होय. त्याच्या कामात विणीची करामत फार थोडी. एक ओळ सुलट, एक ओळ उलट एवढ्यावरच बहुतेक सारे उभे आहे. चिनी मातीची भांडी, गालिचे, फरशा, फळे-भाज्या यांच्याकडे तो पाहत राहिला आणि तेथले रंग सुईवर घेतले. अवघड वीण येत नाही म्हणून हात आखडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पाहण्यासारखे आपल्याकडेही पुष्कळ आहे आणि ते दूर नाही. महेश्वरच्या साडीचे काठ तर याच मार्गाने जन्मले. अहिल्याबाई होळकरांच्या त्या नगरीतील विणकरांनी किल्ल्याच्या व घाटाच्या दगडांवरील आकृती काठावर आणल्या. चटाई, वीट, हिरा, लाट ही त्या काठांची नावेच त्यांचे मूळ सांगतात. दगडातली चटाई हातमागावर आली, तशी ती सुयांवरही येते. चार टाके सुलट, चार उलट अशा चार ओळी विणून पुढच्या चार ओळींत सुलटच्या जागी उलट आणि उलटच्या जागी सुलट घेतले, की चटाईची वीण तयार होते. एकाच रंगात होणारी ही नक्षी सुती धाग्यात विशेष खुलते, कारण सुताचे टाके रेखीव दिसतात.

धारवाड परिसरातील कसुती हा दुसरा खजिना. इरकल साडीवरील हा कशिदा कापडावर आकृती न छापता, केवळ धागे मोजून भरला जातो. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन या सगळ्या आकृती मुळातच आकड्यांत बसलेल्या असतात. त्यांना चौकटीच्या कागदावर आणण्यास काहीच सायास पडत नाहीत. ठिपक्यांच्या रांगोळीचेही तसेच. गोव्यातील आणि कोकणातील जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी कला तर विणकामासाठीच निर्माण झाली असावी, असे वाटते. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगाचा थर देऊन तो कोरला, की खालचा पांढरा उजळतो. दोनच रंग, ठसठशीत कडा आणि किनारीत पुनःपुन्हा येणारे तारे, चक्रे, वेली. पणजीतील जुन्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशा मोहात पाडतात खऱ्या, पण त्यांतील वळणदार चित्रे टाक्यांत धूसर होतात. त्यांच्या केवळ किनारी घ्याव्यात.

येथवर उत्साह टिकतो. खरी ठेच लागते ती पुढे. चौकटीच्या साध्या कागदावर काढलेले सुबक वृंदावन विणून झाल्यावर बसके दिसते आणि विणणारी स्वतःला दोष देते. दोष तिचा नसतो. विणकामाचा टाका चौरस नाही. तो उंचीपेक्षा रुंद आहे. मध्यम जाडीच्या धाग्याने एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण केल्यास १० सेंटिमीटर रुंदीत साधारण २० टाके बसतात, पण तेवढ्याच उंचीसाठी २८ ओळी लागतात. म्हणजे ५ टाक्यांना ७ ओळी हे प्रमाण. कागदावर २५ घरे रुंद आणि २५ घरे उंच असलेली आकृती विणल्यावर साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ९ सेंटिमीटर उंच होते. ती मूळ रूपात हवी असेल, तर २५ टाक्यांना ३५ ओळी द्याव्या लागतात, किंवा कागदच त्या प्रमाणात आडव्या घरांचा आखून घ्यावा लागतो.

याहून सोपी वाट सगळ्या ओळी सुलट विणण्याची आहे. त्या विणीत दोन ओळी मिळून एक आडवी सरी दिसते आणि एका टाक्याची रुंदी जवळजवळ एका सरीच्या उंचीएवढी असते. साहजिकच साध्या चौकटीचा कागद तेथे जसाच्या तसा चालतो. याच गुणाचा उपयोग करून दोन रंगांची एक पद्धत रूढ झाली आहे. बार्बरा वॉकर या अमेरिकी लेखिकेने १९७६ साली तिच्यावर ‘मोझेक निटिंग’ हे पुस्तकच लिहिले. दोन ओळी तांबड्या, दोन ओळी पांढऱ्या असा क्रम ठेवायचा. एका वेळी एकच धागा हातात. जेथे आधीचा रंग वर दिसायला हवा, तेथील टाका न विणता नुसता उजव्या सुईवर सरकवायचा. सलग तीनपेक्षा अधिक टाके सरकवू नयेत, एवढे पथ्य पाळले की वीण आक्रसत नाही. दोन्ही धागे एकाच ओळीत चालवण्याच्या नेहमीच्या रीतीत मागच्या बाजूला धाग्यांचे लोंबते फासे राहतात आणि सुतात ते ओढले जाऊन कापड चुरगळते. मोझेकमध्ये हा त्रास जवळपास नाही. कावीची किनार सुयांवर आणायची तर हीच रीत निवडावी.

कोणतीही नक्षी घेण्याआधी हाताच्या तळव्याएवढा चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजणे हे कंटाळवाणे खरे. या तुकड्याला वाया गेलेला वेळ मानले जाते, म्हणून तो टाळला जातो. सुती तुकडा असेल तर तोच भांडी पुसण्याचे फडके होतो आणि अशी चार-सहा फडकी म्हणजे चार-सहा नक्षींची परीक्षा. एलिझाबेथ झिमरमन यांनी तर टोपीलाच मोजणीचा तुकडा मानण्याचा सल्ला दिला होता. माप चुकले, तरी ते डोके घरात कोणाचे ना कोणाचे असतेच.

बाळंतविड्याची मागणी आजही घरोघरी असते आणि नव्याने विणणारीला तो उत्तम, कारण प्रत्येक वस्तू लहान. टोपडे, मोजे, झबले, दुपटे. येथे हौसेला थोडा आवर घालावा लागतो. जाळीच्या विणीत बाळाची बोटे अडकतात, म्हणून पायमोजे व हातमोजे भरीव विणीचे असावेत आणि आतल्या बाजूस एकही सुटे टोक राहू नये. टोपड्याला गळ्याखाली बांधायची लांब दोरी देऊ नये. आणि गोव्यात जन्मणाऱ्या बाळासाठी सारा बाळंतविडा लोकरीचा करण्यात मायेपेक्षा सवय अधिक दिसते.

मोठ्यांसाठी सुचवण्याजोगा, गमतीचा आणि दीर्घकाळ पुरणारा एक उपक्रम म्हणजे पावसाचा स्टोल. अमेरिकेत आणि युरोपात वर्षभर रोज एक ओळ त्या दिवसाच्या तापमानाच्या रंगात विणण्याची रूढी आहे. ग्वाल्हेरला ती चांगली साधेल. तेथे हिवाळ्यातील चार-पाच अंशांपासून उन्हाळ्यातील ४५ अंशांपलीकडे पारा फिरतो. गोव्यात कमाल तापमान बहुतेक वर्षभर एका अरुंद पट्ट्यात राहते आणि चादर एकरंगी होऊन बसते. गोव्याचा खरा चढउतार पावसात आहे. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातील बहुतांश १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांत. हवामान खात्याने पावसाची प्रतवारी केलेलीच आहे. तिच्यावरून रंग ठरवावेत : कोरड्या दिवसाला एक, १५.५ मिलिमीटरपर्यंतच्या हलक्या पावसाला दुसरा, ६४.४ पर्यंतच्या मध्यम पावसाला तिसरा, ११५.५ पर्यंतच्या जोरदार पावसाला चौथा, २०४.४ पर्यंतच्या अतिजोरदार पावसाला पाचवा आणि त्यापुढील अतिवृष्टीला सहावा. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे आजच्या सकाळचा आकडा कालच्या पावसाचा असतो. विणायला बसण्यास सोयीची वेळ आपोआप ठरते.

चाळीस टाके घालावेत. वीस सेंटिमीटर रुंदी मिळते. सगळ्या ओळी सुलट विणल्यास १० सेंटिमीटरमध्ये साधारण ४० ओळी बसतात. रोज सहा ओळी विणल्या, तर १२२ दिवसांत ७३२ ओळी, म्हणजे सुमारे १८३ सेंटिमीटर लांबी होते. रोज चारच ओळी जमल्या, तर सव्वा मीटरचा मुलाचा मफलर होईल, तोही वाईट नाही. धागा किती लागेल याचा अंदाज स्वयंपाकघरातील काट्यावर घेता येतो. १० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा ६ ग्रॅम भरला, तर सुमारे ३७ चौकोनांच्या या स्टोलला २२० ग्रॅम सूत पुरते. त्यातले अधिक हलक्या व मध्यम पावसाच्या रंगांचे घ्यावे. अतिवृष्टीचा रंग एखाद्या लहान गुंड्यावर भागतो. रंग बदलताना सुटणारी टोके दर रविवारी सुईने आत घालून टाकावीत. सप्टेंबरअखेरपर्यंत ठेवल्यास शंभरेक शेपट्या एकदम समोर येतात आणि स्टोल तेथेच राहतो.

विणकाम बायकांचेच, असे मानणाऱ्या घरांत पेरूमधील ताकिले बेटाची माहिती सांगावी. तितिकाका सरोवरातील त्या बेटावर टोप्या विणण्याचे काम पुरुषांचे. तेथील वस्त्रकलेला २००५ साली युनेस्कोने मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

शेवटी पेटीतल्या जुन्या स्वेटरांविषयी. पावसाळ्यात लोकर कुबट होते, कसर लागते आणि घरात कोणालाच न बसणारा स्वेटर एक दिवस टाकून दिला जातो. त्याऐवजी तो उसवावा. कडेची शिवण आधी सोडवावी, मग टाके जेथे बंद केले त्या टोकापासून धागा ओढत खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळावा, लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवावी आणि खाली थोडे वजन लावून सावलीत टांगावी. लोकरीचे वेटोळे बरेचसे सुटतात. ॲक्रिलिकचे तितके सुटत नाहीत. मात्र उसवण्यापूर्वी एक काम आवर्जून करावे. त्या काळच्या पुष्कळशा विणी शेजारणीच्या स्वेटरवरून टाके मोजून घेतलेल्या असत आणि कागदावर क्वचितच उतरल्या. स्वेटर उजेडात पसरावा, नक्षी किती टाक्यांनी आणि किती ओळींनी पुन्हा सुरू होते ते मोजावे, सुलटसाठी रिकामे घर आणि उलटसाठी ठिपका असे चौकटीच्या कागदावर उतरवावे, कोपऱ्यात विणणारीचे नाव लिहावे आणि मगच पहिला धागा ओढावा.