‘शेजारी’ पाहिलात की ‘पडोसी’?

जुन्या चित्रपटांतलं सामाजिक प्रतिनिधित्व असा विषय घेतलात, की पहिल्याच आठवड्यात तुम्हाला ‘शेजारी’चं उदाहरण भेटेल. आणि बहुतेक तुम्हीही तीच चूक कराल, जी मी केली.

१९४१ साल. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत (आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे) व्ही. शांताराम यांनी एकच गोष्ट दोनदा काढली: मराठीत ‘शेजारी’, हिंदीत ‘पडोसी’. गावातले दोन वयस्क, एक हिंदू, एक मुसलमान, जिवाभावाचे शेजारी. धरण बांधायला आलेला कंपनीवाला जमिनीपायी त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं, आणि दोघे एकत्रच जातात. आदल्याच वर्षी, मार्च १९४० मध्ये, मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला होता, हे ध्यानात ठेवून बघा.

मी चाकणला राहते. एमआयडीसीत जमिनी गेल्यावर बांधाला बांध असलेली माणसं कशी बोलेनाशी होतात, हे इथे चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. त्यामुळे सिनेमा बघताना माझं सगळं लक्ष त्या कंपनीवाल्याकडे. नटांची नावं मी धड वाचलीच नाहीत. प्रस्तावात ठोकून दिलं: ‘शेजारी’त हिंदू पात्र मुसलमान नटाने केलं आणि मुसलमान पात्र हिंदू नटाने. सगळे असंच सांगतात ना!

गाईडनी एवढंच विचारलं, “कुठल्या भाषेतला पाहिलास?”

ती अदलाबदल हिंदीतली आहे. ‘पडोसी’त ठाकूर झालेत मजहर खान आणि मिर्झा गजानन जागीरदार. ‘शेजारी’त मिर्झा जागीरदारच, पण पाटील मात्र केशवराव दाते. म्हणजे मराठीत दोन्ही शेजारी हिंदू नटांनी केले.

एम.एस्सी. करून इकडे आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. दिग्दर्शक तोच, कथा तीच, साल तेच, आणि एक मोठी भूमिका बदललेली. अगदी तयार कंट्रोल! मलाही तसंच वाटलं होतं. पण भाषा बदलली की उच्चार, प्रेक्षक, हाताशी असलेले नट, हे सगळंच बदलतं. नट बदलला तो धर्मामुळे की भाषेमुळे, हे नुसत्या पडद्याकडे बघून ठरत नाही.

म्हणून माझ्या तक्त्यातून ‘प्रतिनिधित्व’ हा रकाना मी काढून टाकलाय. आता तीन रकाने आहेत: पात्राचा समाज, नटाचा समाज, आणि गोष्ट कोणाच्या निर्णयाने पुढे सरकते. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ दोन वेगळ्या ओळींत. पहिला रकाना दोन्हींचा सारखा भरतो, दुसरा नाही. तिसऱ्यासाठी दोन्ही परत बघतेय, या वेळी वही घेऊन आणि श्रेयनामावलीपासून.