वंशावळीतील लेकी : असोद्याचे महाजन घराणे

मारवाडातून खानदेशात येऊन स्थायिक झालेल्या ओसवाल कुटुंबांच्या दारी पूर्वी काही वर्षांच्या अंतराने कुळाचे भाट येत असत. त्यांच्या बगलेतील लांबट वहीत गोत्र, मूळ गाव आणि पिढ्यानपिढ्यांची नावे लिहिलेली असत. घरात मुलगा जन्मला की त्याचे नाव वहीत चढे आणि भाटास शिधा व वस्त्र मिळे. लेकीचे नाव मात्र सहसा चढत नसे. ती सासरी गेल्यावर तेथील वहीत कोणाची तरी पत्नी म्हणून तिची नोंद झाली तर होई. ही रीत केवळ एका समाजाची नव्हती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात घालविली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच देह ठेवला. त्यांच्यासारख्या संशोधकांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून मराठी घराण्यांची जी कागदपत्रे जमविली, त्यांतील वंशवृक्षांच्या फांद्याही प्रामुख्याने पुत्रांच्याच आहेत.

या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्यातील एका शेतकरी घराण्याचा वंशवृक्ष वेगळा उठून दिसतो. जळगावच्या शेजारी असलेल्या असोदे गावचे हे महाजन घराणे. उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या पोटी १८८० साली जी कन्या जन्मली, ती म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी. घमा, गना आणि घना हे तिचे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता व तुळसा या तीन बहिणी. या भावंडांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत ती केवळ बहिणाबाईंमुळे. एरवी भावाच्या नावाने बहीण ओळखली जावयाची. येथे बहिणीच्या नावाने तिघे भाऊ इतिहासात राहिले!

वयाच्या तेराव्या वर्षी, १८९३ साली, जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी बहिणाबाईंचा विवाह झाला. तिशीतच वैधव्य आले. अक्षरओळख नव्हती, तरी शेतात आणि जात्यावर ओव्या सुचत राहिल्या. पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या वेळोवेळी लिहून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचेच नाव देण्यात आले. स्वतःची सही करू न शकणाऱ्या स्त्रीचे नाव आज येथील प्रत्येक पदवीपत्रावर छापले जाते.

बहिणाबाईंच्या माहेरच्या याच घराण्यातील पुढच्या पिढीची लेक म्हणजे पॅराशूट जंपर शीतल महाजन. १९ सप्टेंबर १९८२ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण चालू असताना मैत्रिणीच्या हवाई दलातील भावाकडून त्यांनी पॅराशूट उडीविषयी ऐकले आणि मनाने तेच घेतले. पहिली उडी एखाद्या शांत मैदानावर घ्यावी, हा साधा व्यवहार. परंतु १८ एप्रिल २००४ रोजी वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी आयुष्यातील पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली. आधी सरावाची एकही उडी झालेली नव्हती. उंची २,४०० फूट, तापमान शून्याखाली ३७ अंश आणि खाली गोठलेला समुद्र. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची झळ सोसणाऱ्या खानदेशातील वाचकाला त्या थंडीची कल्पनाही करवणार नाही.

१५ डिसेंबर २००६ रोजी दक्षिण ध्रुवाच्या अंटार्क्टिका खंडावर ११,६०० फुटांवरून दुसरी मोठी उडी झाली. ही उडी निराळ्या जातीची होती. विमानाबाहेर पडताच छत्री उघडत नाही. काही काळ शरीर दगडासारखे खाली येते आणि योग्य उंचीवर उडी घेणाऱ्याने ती स्वतः उघडावयाची असते. तेथे क्षणाचा हिशेब चुकला तर दुरुस्तीची नोंद करता येत नाही. २००८ साली त्यांनी पुण्यात जमिनीपासून ७५० फुटांवर, गरम हवेच्या फुग्यात विवाह केला. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तोवर त्या जुळ्या मुलांच्या आई झाल्या होत्या. संसार झाला की मुलीचे धाडस संपते, या आपल्या ठाम समजुतीला हे उत्तर कोणी मुद्दाम दिलेले नाही, पण ते मिळाले आहे.

२०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. कापडाच्या व्यवसायातील माणसाला याचे महत्त्व अधिक कळेल. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर वस्त्र. तेरा हजार फुटांवरील वाऱ्यात त्याची एक निरी सुटली तरी ती पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकण्याचे भय. म्हणून लुगडे जागोजाग पक्के बांधून घ्यावे लागले. याच वस्त्राचा काष्टा घालून असोद्याच्या शिवारात बहिणाबाईंच्या पिढीने निंदणी-खुरपणी केली होती.

आज आपल्या अनेक कुटुंबांत जुन्या वह्या शोधून वंशावळ छापण्याचा उत्साह दिसतो, तो स्तुत्यच आहे. मात्र छपाईला देताना ‘मुली’ हा रकाना कागदाच्या खर्चासाठी गाळला जातो आणि फार तर कोपऱ्यात त्यांची संख्या येते. महाजन घराण्याची वंशावळ कोणी याच रीतीने छापली असती, तर बहिणाबाई एका आकड्यात मावल्या असत्या आणि शीतल महाजन दुसऱ्या आकड्यात. लेकीचे नाव, तिचे सासर, तिचे शिक्षण आणि तिने केलेले काम एवढ्या चार ओळींना कितीसा कागद लागणार? आजी-पणजीच्या माहेरची नावे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम होईल.

शीतल महाजन यांच्या उड्या पुढेही चालू राहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट शिखरासमोर २१,५०० फुटांवर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली आणि त्या काला पत्थर येथे १७,४४४ फूट उंचीवर उतरल्या.