आकड्यांतून आवाज : बेताच्या भागांतून साधलेली अचूकता

जुने सीडी प्लेअर उघडून त्यांतले सुटे भाग बदलणारे हौशी लोक जगभर आहेत. कोणी कपॅसिटर बदलतो, कोणी ऑप-अँप ही प्रवर्धक चिप काढून तिच्या जागी महागडी बसवतो, तर कोणी घड्याळाचा स्फटिकच बदलतो. हा सारा खटाटोप ज्याच्याभोवती चालतो तो भाग म्हणजे आकड्यांचे विद्युत्‌दाबात रूपांतर करणारा परिवर्तक. त्याला ‘डॅक’ असेही म्हणतात. भाग भारी बसवला की आवाजही भारी होणार, हा तर्क सरळ वाटतो. परंतु या परिवर्तकाचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. यातली मोठी पावले भारी भागांमुळे पडलेली नाहीत. बेताच्या भागांकडून अचूक काम कसे करून घ्यावे, या विचारातून ती पडली आहेत.

टेलिफोनच्या तारेतला गोंगाट

सुरुवात संगीतातून नव्हे, टेलिफोनमधून झाली. दूर अंतरावर बोलणे पोचवायचे तर वाटेत ठिकठिकाणी प्रवर्धक बसवावे लागतात. प्रत्येक प्रवर्धक आवाजाबरोबर गोंगाटही वाढवतो आणि स्वतःची थोडी भर घालतो. उत्तम प्रवर्धक वापरले तरी गोंगाट साठत जातोच. पॅरिसमध्ये काम करणारे ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३८ साली या अडचणीवर एक उपाय पेटंटसाठी मांडला. आवाजाच्या तरंगाची उंची ठरावीक काळाने मोजायची आणि ती संख्या ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा स्पंदांच्या रूपात पाठवायची. वाटेतल्या यंत्राने स्पंद आला की नाही एवढेच ओळखायचे आणि नवा, स्वच्छ स्पंद पुढे धाडायचा. स्पंद ओळखण्यात चूक होत नाही तोवर गोंगाट साठतच नाही.

किती वेळा मोजावे, याचे उत्तर हॅरी नायक्विस्ट (१९२८), व्लादिमीर कोतेल्निकोव्ह (१९३३) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कामातून स्पष्ट झाले. तरंगातील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, तर त्या मोजमापांतून मूळ तरंग पुन्हा उभा करता येतो. बिंदूंच्या मधली माहिती हरवते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

एका कपॅसिटरचा परिवर्तक

आकड्यांतून पुन्हा दाब मिळवण्याची एक सुरेख रीत १९४०च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वापरली गेली. कल्पना शॅनन यांची. एक कपॅसिटर आणि एक रोध जोडायचे. द्विमान संख्येतला प्रत्येक ‘१’ कपॅसिटरवर ठरावीक विद्युत्‌प्रभार टाकतो. दोन स्पंदांमधल्या काळात हा प्रभार रोधातून वाहून बरोबर निम्मा होतो. संख्या उजवीकडून, म्हणजे सर्वांत लहान स्थानापासून पाठवायची.

हे फळ्यावर सहज करून दाखवता येते. ११ ही संख्या द्विमान पद्धतीत १०११ अशी लिहितात. प्रत्येक ‘१’ला १६ एकक मिळवू आणि मग निम्मे करू. पहिला १ : १६, निम्मे ८. दुसरा १ : २४, निम्मे १२. मग ० : १२, निम्मे ६. शेवटचा १ : २२, निम्मे ११. दोनच भागांच्या या मंडलाने संख्या वाचली!

यात एक मेख आहे. कपॅसिटरचा दाब सतत घसरत असतो, त्यामुळे वाचन क्षणभर पुढेमागे झाले तरी उत्तर चुकते. बेल प्रयोगशाळेतील ए. जे. रॅक यांनी कपॅसिटर आणखी चांगला घेतला नाही. त्यांनी मंडलात एक दोलक जोडणी घातली. तिच्यामुळे दाबाची घसरण पायरीसारखी झाली आणि वाचनाच्या क्षणी ती जवळजवळ सपाट राहू लागली. आता वेळेतल्या लहानशा चुकीने फरक पडेना. १९४८ साली वर्णन केलेल्या बेलच्या प्रायोगिक टेलिफोन यंत्रणेत हाच परिवर्तक होता. सेकंदाला ८,००० मोजमापे आणि प्रत्येकी ७ द्विमान अंक, म्हणजे १२८ पायऱ्या, असे तिचे स्वरूप होते. बोलण्यासाठी तेवढे पुरत होते.

सोळा अंकांची अडचण

संगीताची गरज मोठी. सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेल्या सीडीच्या मानकात सेकंदाला ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येकी १६ द्विमान अंक आहेत. ४४,१०० हा विचित्र वाटणारा आकडा व्हिडिओ टेपवरून आला, कारण सुरुवातीची अंकीय ध्वनिमुद्रणे तिच्यावरच साठवली जात. दर ओळीत ३ मोजमापे धरली, तर २४५ ओळी सेकंदाला ६० वेळा किंवा २९४ ओळी ५० वेळा. दोन्ही गुणाकार करून पाहावेत.

१६ अंक म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. दाबाची एकूण व्याप्ती २ व्होल्ट मानली तर एक पायरी सुमारे ३० मायक्रोव्होल्टची. सर्वांत मोठ्या स्थानाचे वजन व्याप्तीच्या निम्मे असते. त्या स्थानासाठी वापरलेला रोध १ टक्क्याने चुकला, तर तेवढ्यानेच सुमारे ३२८ पायऱ्यांची चूक होते. आवश्यक अचूकता टक्क्याच्या हजारांशांत जाते. घराघरांत विकायच्या चिपवर इतके अचूक रोध घडवणे १९७०च्या दशकात फार अवघड होते.

अदलाबदलीची युक्ती

येथे फिलिप्सचे शास्त्रज्ञ रूडी व्हान डी प्लाशे यांचे काम महत्त्वाचे ठरले. त्यांची पद्धत १९७६ साली प्रसिद्ध झाली. तिचे मर्म तराजूवरून समजते. तराजूच्या दोन भुजा किंचित असमान असतील, तर वस्तू एकदा डाव्या पारड्यात आणि एकदा उजव्या पारड्यात ठेवून सरासरी काढतात, म्हणजे भुजांची चूक निघून जाते. व्हान डी प्लाशे यांनी एका विद्युत्‌प्रवाहाचे जवळपास सारखे दोन भाग केले आणि त्यांच्या जागा वेगाने आलटून पालटून बदलत ठेवल्या. भाग असमान असले तरी दोन्ही वाटांनी सरासरी प्रवाह अगदी निम्माच जातो. अदलाबदलीमुळे उठणारी लहर कपॅसिटर शोषून घेतो. फिलिप्सच्या १४ अंकी टीडीए १५४० आणि १९८५ सालच्या १६ अंकी टीडीए १५४१ या चिपांत हीच रीत आहे.

सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्यात १६ अंकी परिवर्तक एकच होता आणि तो डाव्या-उजव्या ध्वनीसाठी पाळीपाळीने चाले. त्यामुळे एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे पडे. एवढ्या वेळात ध्वनी हवेत जेमतेम ४ मिलिमीटर जातो.

फिलिप्सकडे १४ अंकी चिप होती, मानक मात्र १६ अंकांचे ठरले. त्यांनी परिवर्तक चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० वेळा चालवला आणि प्रत्येक वेळी उरलेली चूक पुढच्या आकड्यात ओढली. रोज ७ रुपये २५ पैशांचे दूध घेणारा पूर्ण रुपयांतच पैसे देत असेल, तर तो तीन दिवस ७ आणि चौथ्या दिवशी ८ रुपये देतो. चार दिवसांचे २९ रुपये बरोबर जमतात. तसेच येथे होते. चूक नाहीशी होत नाही, पण ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतांकडे ढकलली जाते. हाच विचार पुढे नेऊन १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका अंकाचे, अतिशय वेगवान परिवर्तक आले. त्यांमागची कल्पना जपानमध्ये १९६२ सालीच मांडली गेली होती.

मग भाग बदलून काय होते?

कधी कधी खरोखरच होते. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे वाळतात आणि मग १०० हर्ट्‌झची गुणगुण आवाजात उतरते. असा कपॅसिटर बदलण्याचा फायदा मोजता येतो. घड्याळाचेही महत्त्व आहे. २०,००० हर्ट्‌झचा पूर्ण उंचीचा तरंग सर्वांत चढ्या ठिकाणी एक पायरी सुमारे २४० पिकोसेकंदांत ओलांडतो. तेवढ्या वेळात प्रकाश ७ सेंटिमीटर जातो. घड्याळ याहून जास्त डळमळत असेल तर ते सुधारण्यात अर्थ आहे.

परंतु सुधारणेला मर्यादाही आहेत. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली दाखवले की प्रत्येक रोध केवळ तापमानामुळे गोंगाट निर्माण करतो. खोलीच्या तापमानाला १,००० ओहमच्या रोधात २०,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात हा गोंगाट सुमारे ०.६ मायक्रोव्होल्ट असतो. कितीही पैसे मोजले तरी तो याहून खाली जात नाही. आणि टीडीए १५४१ भोवतीच्या १४ कपॅसिटरांना काम एकच : अदलाबदलीची लहर शोषणे. ते नीट होत असेल, तर दहापट महाग कपॅसिटर तेथे वेगळे काय करील, हे आधी मोजून दाखवावे लागेल.

कान आणि पुरावा

‘मला फरक ऐकू येतो’ हे म्हणणे खोटे नसते. पण भाग बदलल्याचे ठाऊक असले की अपेक्षाही ऐकण्यात मिसळते. आवाज किंचित मोठा असला तरी तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. म्हणून दोन्ही बाजूंचा दाब व्होल्टमापीने सारखा करून, कोणता भाग चालू आहे हे न सांगता चाचणी घ्यावी लागते.

मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अधिक सूक्ष्म ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचे परिवर्तक घातले आणि फरक ओळखायला सांगितले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. उलट, जोशुआ राइस यांनी २०१६ साली १८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि सराव दिलेल्या श्रोत्यांत ते अधिक होते. फरक असलाच तर तो किती बारीक आहे, हे यावरून दिसते. या चाचण्या सुट्या भागांच्या नव्हत्या. पण वाटेत घातलेले अख्खे परिवर्तकसुद्धा ओळखणे इतके कठीण असेल, तर एका कपॅसिटरने झालेल्या कायापालटाला भक्कम पुरावा मागणे रास्तच आहे.

अशी चाचणी वर्गातही घेता येईल. एकाच गाण्याच्या दोन फाइली, दोन इअरफोन किंवा दोन वायरी घ्याव्यात. पडद्याआडच्या विद्यार्थ्याने नाणे उडवून क्रम ठरवावा आणि ऐकणाऱ्याने दहा वेळा ओळखावे. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११ आहे. ती मुलांनाच काढू द्यावी. ध्वनी, द्विमान संख्या आणि संभाव्यता हे तीन पाठ यात एकत्र येतात. शिवाय ‘भारी आहे म्हणून चांगले’ असे कोणी म्हटले, तर त्याच्याशी भांडण्याऐवजी त्याला चाचणीला बसवावे, ही सवयही लागते.