हडसन नदीचे कैवारी

नदी कोणा एकाची नसते. म्हणून तिच्या रक्षणाचें कामही कोणा एकाच्यानें होत नाहीं. कोळ्याला तिच्यांतील मासा दिसतो, रसिकाला तिची शोभा दिसते, कारखानदाराला फुकट मिळणारें पाणी दिसतें. पहिल्या दोघांनीं तिसऱ्याशीं झगडावयाचें तर आधीं त्यांची एकमेकांशीं ओळख व्हावी लागते. ती झाली म्हणजे काय घडूं शकतें, याचा एक दाखला अमेरिकेंतील हडसन नदीच्या अलीकडील इतिहासांत सांपडतो. तो वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारें ५० मैलांवर हडसनच्या पश्चिम तीरीं स्टॉर्म किंग नांवाचा डोंगर आहे. १९६२ सालीं, शहरास वीज पुरविणाऱ्या कन्सॉलिडेटेड एडिसन कंपनीनें त्याच्या पायथ्याशीं एक प्रचंड विद्युत्केंद्र बांधण्याचा बेत जाहीर केला. रात्रीं शिल्लक पडणाऱ्या विजेनें नदीचें पाणी उंचावरील तलावांत चढवावयाचें, आणि दिवसा मागणी वाढली कीं तेंच खालीं सोडून पुन्हां वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना होती. ‘गांव करी तें राव न करी’ असें आपण म्हणतों; पण येथें जवळचें कॉर्नवॉल गांवच कंपनीच्या बाजूचें होतें. गांवास कर मिळेल, हातांस काम मिळेल, हा त्याचा हिशेब होता, आणि तो खोटा नव्हता. हें न सांगतां पुढील हकीकत सांगणें अन्यायाचें होईल.

विरोध प्रथम उठला तो सौंदर्याच्या नांवानें. नोव्हेंबर १९६३ मध्यें, हडसनवर ग्रंथ लिहिणारे कार्ल कार्मर यांच्या घरीं कांहीं मंडळी जमली आणि ‘सीनिक हडसन प्रिझर्व्हेशन कॉन्फरन्स’ ही संस्था निघाली. डोंगरवाटा तुडविणारे, निसर्गप्रेमी आणि नदीकांठचे रहिवासी यांचा तो मेळ होता. मार्च १९६५ मध्यें संघ-सरकारच्या वीज आयोगानें कंपनीस परवाना दिला, तेव्हां संस्थेनें न्यायालयाकडे धांव घेतली. केवळ निसर्गशोभेच्या हानीबद्दल कोणास दाद मागतां येते काय, हा तेथें कळीचा प्रश्न होता. मागतां येते, असा निर्णय अपील न्यायालयानें २९ डिसेंबर १९६५ रोजीं दिला. परवाना रद्द झाला, आणि शोभा व मासे या दोहोंचाही विचार करून फेरचौकशी करावी, असें आयोगास बजावण्यांत आलें. निसर्गरक्षक संस्थांस न्यायालयाचें दार उघडलें तें असें.

या दारांतून पुढें मच्छीमार आंत आले. १९६६ सालीं रॉबर्ट बॉइल या पत्रकाराच्या पुढाकारानें हडसनच्या मच्छीमारांनीं आपली निराळी संस्था काढली. नदींत घाण टाकणाऱ्याची खबर देणारास दंडाचा अर्धा भाग देणारा १८९९ सालचा एक विस्मृत कायदा त्यांनीं कामास लावला. त्यांना काळजी होती ती मुख्यतः पट्टेरी बास माशाची. केंद्राचे पंप पाण्याबरोबर त्याचीं अंडीं आणि पिलें ओढून घेणार होते.

१९७० सालीं आयोगानें पुन्हां परवाना दिला, आणि पुढल्या वर्षीं न्यायालयानें तो उचलून धरला. डोंगराची बाजू हरली. पण माशांची हानि अल्प ठरविणाऱ्या अहवालांत एक ढोबळ चूक होती. हडसनमध्यें सुमारें १५० मैलपर्यंत भरती-ओहोटी चालते. मूळ रहिवाशांनीं तिला ‘दोन्ही दिशांनीं वाहणारी’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. तेंच पाणी आणि तींच अंडीं पंपांपुढून पुनःपुन्हां जाणार, हें त्या गणितांत धरलेंच नव्हतें. १९७४ सालीं न्यायालयानें माशांच्या प्रश्नावर फेरसुनावणीचा हुकूम केला. डोंगर हरला तेथें मासा उभा राहिला!

मध्यंतरीं १९६९ सालीं गायक पीट सीगर यांच्या कल्पनेंतून ‘क्लिअरवॉटर’ हें जुन्या घडणीचें शिडाचें जहाज नदींत आलें, आणि ज्यांनीं नदी दुरूनच पाहिली होती त्यांस तिच्या पाण्यावर घेऊन गेलें.

अखेर डिसेंबर १९८० मध्यें रसेल ट्रेन यांच्या मध्यस्थीनें तह झाला. कंपनीनें स्टॉर्म किंगचा बेत सोडला. नदीकांठच्या इतर वीजकेंद्रांनीं माशांची हानि कमी करण्याचें कबूल केलें. नदीच्या संशोधनासाठीं १ कोटी २० लक्ष डॉलरांचा निधि निघाला. उलट, त्या केंद्रांनीं पाणी थंड करणारे मनोरे बांधलेच पाहिजेत हा आग्रह संस्थांस तूर्त सोडावा लागला. सतरा वर्षें लढलेल्यांस ही देवघेव गोड लागली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण डोंगर राहिला.

मच्छीमारांच्या वांट्यास मात्र या विजयाचें फळ पुरतें आलें नाहीं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ पर्यंत पीसीबी नांवाचीं विषारी रसायनें नदींत गेलीं होतीं, आणि त्यांमुळें १९७६ सालींच हा मासा धरून विकण्यास मनाई झाली होती. ज्या माशानें डोंगर वाचविला, तो त्यांना बाजारांत नेतां येईना. मग नदीचा तळ उपसून विष काढावें म्हणून या संस्थांना पुन्हां एकत्र यावें लागलें. तो उपसा २००९ ते २०१५ या काळांत झाला.

संस्थांनीं एक व्हावें, असा उपदेश नेहमीं ऐकूं येतो. हडसनच्या कैवाऱ्यांनीं तो पुरतेपणीं मानला नाहीं. प्रत्येकीनें आपलें नांव, आपले सभासद आणि आपलें निमित्त जपलें. एकीच मोठी संस्था असती, तर डोंगराबरोबर तीही १९७१ सालींच हरली असती.