परिणामाकडून जनुकाकडे : 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर'च्या शोधाचा इतिहास

प्रास्ताविक

जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत विषयाची मांडणी बहुधा एकाच क्रमाने केलेली आढळते. प्रथम जनुक, मग त्यापासून तयार होणारे प्रथिन आणि शेवटी त्या प्रथिनाचे शरीरातील कार्य. शिकविण्याच्या सोयीसाठी हा क्रम योग्यच आहे. परंतु विज्ञानाचा इतिहास अनेकदा नेमका उलट दिशेने घडलेला असतो. मज्जापेशींची वाढ आणि त्यांचे जगणे ज्या प्रथिनावर अवलंबून असते त्या 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर'चा, म्हणजेच एनजीएफचा, इतिहास याचे ठळक उदाहरण आहे. या प्रथिनाचे मानवी जनुक १९८३ मध्ये हाती आले; पण त्याचा माग संशोधक त्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक काढत होते. त्या वाटचालीचा आढावा घेणे आणि त्यातून अध्यापनासाठी काय हाती लागते ते पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

बंदीच्या काळातील प्रयोगशाळा

जर्मन गर्भशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. कोंबडीच्या गर्भातील पंखाचा अंकुर काढून टाकला तर त्या भागाकडे जाणाऱ्या मज्जापेशींची संख्या घटते. अवयवाकडून काही प्रेरणा न मिळाल्यामुळे या पेशी घडतच नाहीत, असा त्यांचा तर्क होता. नाझी राजवटीमुळे मायदेशी परतणे त्यांना अशक्य झाले आणि ते अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्थिरावले.

हा शोधनिबंध इटलीतील तुरीन येथे रीता लेवी-मोंताल्चिनी यांच्या वाचनात आला. त्यांचा जन्म १९०९ चा. १९३६ मध्ये त्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर झाल्या. ज्युसेप्पे लेवी हे त्यांचे गुरू. मात्र १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यू असल्यामुळे त्यांना विद्यापीठाची दारे बंद झाली. तेव्हा त्यांनी घरातील झोपण्याच्या खोलीतच छोटी प्रयोगशाळा थाटली. कोंबडीची अंडी हेच मुख्य साहित्य. विद्यापीठातून दूर केले गेलेले गुरू लेवीही तेथे येऊन काम करू लागले. हॅम्बर्गर यांच्या प्रयोगाची पुनरावृत्ती करताना त्यांना वेगळेच दिसले. पेशी घडत होत्या, वाढूही लागत होत्या. त्यानंतर मात्र त्या मरत होत्या. अर्थात उणीव होती ती पेशींना जगवणाऱ्या कशाची तरी. इटलीतील नियतकालिके बंद असल्याने हे निष्कर्ष १९४२ मध्ये बेल्जियममधील नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे तुरीनवरील बॉम्बहल्ल्यांमुळे त्यांना खेड्यात जावे लागले, आणि १९४३ मध्ये जर्मन फौजा आल्यावर हे कुटुंब फ्लॉरेन्समध्ये लपून राहिले.

अर्बुद, विष आणि लाळग्रंथी

हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून लेवी-मोंताल्चिनी १९४७ मध्ये सेंट लुईसला गेल्या. बोलावणे एका सत्राचे होते. पण त्या विद्यापीठाशी त्यांचा संबंध सुमारे तीस वर्षे टिकला. १९४८ मध्ये हॅम्बर्गर यांचे माजी विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनी कोंबडीच्या गर्भात उंदराचे अर्बुद रोपले असता त्यात मज्जातंतू वेगाने शिरल्याचे दाखवून दिले. लेवी-मोंताल्चिनी यांनी तो प्रयोग पुढे नेला. अर्बुद गर्भाला प्रत्यक्ष न चिकटवता गर्भाबाहेरील पटलावर ठेवले तरीही गर्भातील मज्जागंडिका फुगतात, असे त्यांना आढळले. याचा अर्थ उघड होता. अर्बुदातून काही विरघळणारा पदार्थ रक्तावाटे गर्भात पोहोचत होता.

पण गर्भावरील प्रत्येक प्रयोगाला कित्येक दिवस लागत. म्हणून १९५२ मध्ये त्या अर्बुदग्रस्त उंदीर सोबत घेऊन रिओ दि जानेरो येथे हेर्था मायर यांच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत गेल्या. तेथे काचेच्या पात्रात अर्बुदाशेजारी ठेवलेल्या मज्जागंडिकेभोवती एका दिवसातच तंतूंचे दाट वलय उमटले. हे वलय म्हणजे या संशोधनाला मिळालेला तराजूच होय. कोणत्या द्रावात तो पदार्थ आहे आणि साधारण किती आहे, हे आता लवकर कळू लागले.

१९५३ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन या कामात सहभागी झाले. हा पदार्थ न्यूक्लिइक आम्ल की प्रथिन, हे ठरविण्यासाठी त्यांनी आर्थर कॉर्नबर्ग यांच्या सूचनेवरून सर्पविष वापरले. कारण त्यात न्यूक्लिइक आम्ल तोडणारे विकर असते. अपेक्षा अशी की वलय एक तर नाहीसे होईल किंवा तसेच राहील. प्रत्यक्षात ते अधिकच दाट झाले. अर्बुदाशिवाय केवळ विष घातले तरी वलय उमटत होते! विषातच हा पदार्थ अर्बुदाच्या कित्येक पटींनी अधिक होता. सापाची विषग्रंथी ही एका अर्थी लाळग्रंथीच. त्यावरून कोहेन यांनी उंदराच्या जबड्याखालील लाळग्रंथी तपासली आणि नर उंदरात त्यांना मोठा साठाच सापडला. या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये नवजात उंदरांना टोचली असता त्यांच्या अनुकंपी मज्जागंडिका जवळपास नष्ट झाल्या. त्यामुळे हा पदार्थ केवळ अर्बुदाचे वैगुण्य नसून निरोगी शरीराचीही गरज आहे, हे सिद्ध झाले. याच ग्रंथीच्या अर्काने उंदरांच्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडतात, या निरीक्षणातून कोहेन यांनी दुसरा वृद्धिघटक, ईजीएफ, शोधला.

प्रथिनाकडून जनुकाकडे

१९७१ मध्ये रुथ अँजेलेटी आणि राल्फ ब्रॅडशॉ यांनी उंदराच्या एनजीएफमधील ११८ अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला. मात्र माणसाच्या बाबतीत अडचण होती. मानवी लाळग्रंथीत उंदरासारखा साठा नसतो. जे प्रथिन पुरेसे मिळतच नाही त्याचा अभ्यास कसा करायचा?

उत्तर जनुकतंत्राने दिले. अमिनो आम्लांचा क्रम ठाऊक असला की त्यासाठी डीएनएचा क्रम कसा असू शकेल, याचा अंदाज बांधता येतो. तसे लहान तुकडे कृत्रिमरीत्या तयार करून, गळ टाकावा त्याप्रमाणे, मूळ क्रम शोधता येतो. १९८३ मध्ये जेम्स स्कॉट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या एनजीएफच्या पूर्वगामी प्रथिनाचा डीएनए क्रम प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अ‍ॅक्सेल उलरिक आणि सहकाऱ्यांनी मानवी जनुकाचा क्रम जाहीर केला. उंदीर व माणूस यांच्या एनजीएफमध्ये सुमारे ९० टक्के साम्य असल्यामुळेच उंदराचा धागा धरून मानवी जनुकापर्यंत पोहोचता आले. हे जनुक पहिल्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर असल्याचेही त्याच वर्षी निश्चित झाले. जनुकाने आणखी एक गोष्ट उघड केली. शरीर प्रथम २४१ अमिनो आम्लांचे लांब प्रथिन बनवते आणि ते छाटून मग कार्यक्षम एनजीएफ तयार होते.

१९८६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कोहेन आणि लेवी-मोंताल्चिनी यांना मिळाले. हे पारितोषिक तिघांत विभागता येत असतानाही हॅम्बर्गर यांचे नाव त्यात नव्हते, याची चर्चा पुढे बरीच झाली. प्रश्न त्यांचा, उत्तराची दिशा दुसऱ्याची आणि पदार्थ वेगळा काढणारे हात तिसऱ्याचे, अशा कामात श्रेयाची वाटणी कशी करावी, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

जनुकाने दिलेला इशारा

१९९१ मध्ये एनजीएफचा ग्राही 'ट्रकए' ओळखला गेला. या ग्राहीच्या जनुकात दोष असल्यास वेदना जाणवत नाही व घामही येत नाही, हे १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले. २००४ मध्ये उत्तर स्वीडनमधील एका कुटुंबात खुद्द एनजीएफच्या जनुकातील दोष सापडला. त्या कुटुंबातील बाधित व्यक्तींची बुद्धी शाबूत होती. पण हाडा-सांध्यांतील खोल वेदना जाणवत नसल्याने त्यांचे सांधे झिजून निकामी होत होते.

ही माहिती किती मोलाची होती ते पुढे कळले. संधिवाताच्या वेदनेवर एनजीएफला रोखणारे 'टॅनेझुमॅब' हे प्रतिद्रव्य औषध तयार करण्यात आले. वेदना कमी झाली. पण काही रुग्णांत सांधे झपाट्याने झिजू लागले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याविरुद्ध कौल दिला आणि त्याच वर्षी त्याचा विकास थांबला. उलटपक्षी, मानवी जनुकाच्या आधारे जिवाणूंकडून बनवून घेतलेले एनजीएफ, 'सेनेगर्मिन', डोळ्याच्या पारपटलाच्या एका दुर्मिळ विकारावर थेंबांच्या रूपात युरोपात २०१७ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, जनुक हा या शोधाचा आरंभ नव्हता. तो फार उशिरा आलेला, पण निर्णायक टप्पा होता. दुसरी, मोजण्याची विश्वासार्ह रीत सापडल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. रिओमधील ते वलय नसते तर कोहेन यांच्या हाती काहीच लागले नसते. तिसरी गोष्ट शिक्षणसंस्थांशी निगडित आहे. कायद्याने एखाद्या समाजाला विद्यापीठाबाहेर काढले की जिज्ञासा संपत नाही. मात्र ती झोपण्याच्या खोलीत, अपुऱ्या साधनांवर तगून राहते. लेवी-मोंताल्चिनी तगल्या. ज्यांना तशी संधी मिळाली नाही, त्यांची नोंद कोणत्याच इतिहासात नाही. वर्गात एनजीएफचे जनुक शिकविताना हा भागही सांगितला, तर विद्यार्थ्यांना शोध आणि त्याची किंमत दोन्ही कळतील.