यादीत नाव आलं की...

सुपरहिरोंची कार्टूनं म्हणजे पोरांचा टाइमपास, असं कोणी म्हटलं की मी 'एक्स-मेन'चा पहिला भाग बघायला सांगतो. ३१ ऑक्टोबर १९९२, अमेरिकेतलं फॉक्स चॅनेल. ज्युबिली ही जन्मतःच वेगळी, म्हणजे म्युटंट मुलगी. सांभाळणारा बाप काळजीपोटी तिचं नाव एका संस्थेत नोंदवतो आणि त्याच नोंदीवरून अजस्र यंत्रमानव तिच्या घरावर चालून येतो. मग एक्स-मेन धाड घालतात ती थेट त्या संस्थेच्या फायलींवर! त्यात पकडला गेलेला बीस्ट पळून जायची संधी नाकारून कोर्टात उभा राहतो. जामीन मात्र मिळत नाही.

पुढे एका कथेत साथ पसरते, खापर म्युटंटांवर फुटतं. एड्सच्या रुग्णांना लोक दूर लोटत होते, तो हा काळ. वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती.

१९९७ला मालिका संपली. २०२४ला 'एक्स-मेन ९७' नावाने तिथूनच पुढे सुरू झाली. वुल्व्हरिनला आवाजही पुन्हा कॅल डॉड यांचाच. लोक म्हणतात, बालपणीच्या आठवणी, दुसरं काय! मला नाही पटत. माणसांच्या याद्या करून 'हे आपले नाहीत' म्हणायची खोड जोवर जात नाही, तोवर ही गोष्ट जुनी व्हायची नाही.