एकट्याचा डाव

पत्ते ‘खेळणें’ आणि पत्ते ‘लावणें’ हे दोन निराळे प्रयोग आपल्या घरगुती मराठींत आहेत. चार माणसें जमलीं म्हणजे पत्ते खेळले जातात. एकटाच माणूस चटईवर सात ओळी मांडून बसला, कीं तो पेशन्स लावतो. ज्या खेळांत प्रतिपक्षच नाहीं असा हा खेळ आपल्याकडे केव्हां व कां रुजला, याचा आज थोडा विचार करूं.

आपला जुना खेळ गंजिफांचा. बाबरानें १५२७ सालीं सिंधमध्यें शहा हसनाकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें या इराणी खेळास आपण दशावतारांचें रूप दिलें. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगाचे एक राजा, एक प्रधान व दहा अंकांचे पत्ते, असे एकूण १२० वाटोळे, लाखेनें रंगविलेले पत्ते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं ही कला जतन केली. पेशवाईंतील सरदारांच्या बैठकींस हा खेळ परिचित होता. सातारा-सांगलीचे वाडे त्यास अपवाद मानण्याचें कारण नाहीं.

गंजिफांस सहसा तीन गडी लागतात. प्रत्येकाच्या वांट्यास चाळीस पत्ते. दिवसा रामाच्या राजानें उतारी करावयाची, रात्रीं कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ, त्यामुळें कोणता पत्ता पडला व कोणता उरला हें ध्यानांत ठेवतां ठेवतां डोकें शिणून जातें. पण हा सारा कस दुसऱ्याच्या हातांत काय आहे हें ओळखण्याचा. दुसरा गडी नसेल तर गंजिफा मुक्या होतात. शिवाय वाटोळा पत्ता दुसऱ्या पत्त्याखालीं सरकविला, कीं त्याची ओळख बरीचशी झांकली जाते. पेशन्सचा तर सारा संसार अर्धवट झांकलेल्या पत्त्यांचा!

म्हणून हा खेळ चौकोनी कागदी पत्त्यांबरोबर आला. त्यांत प्रधान गेला व राणी आली, हा फेरफार लहान नव्हे. १८७० च्या सुमारास पत्त्याच्या कोपऱ्यांत अंक व रंग छापण्याची चाल पडली. कोपरा दिसला कीं पत्ता कळला. एकट्याच्या खेळाचा उल्लेख जर्मनींतील १७८३ च्या एका खेळांच्या पुस्तकांत सांपडतो, आणि इंग्लंडांत लेडी कॅडोगन यांच्या पुस्तकानें १८७० च्या आसपास तो घरोघरीं नेला. आपल्याकडे सर्वांत रूढ असलेल्या प्रकारास क्लोंडाइक म्हणतात. कॅनडांतील ज्या सोन्याच्या खाणींकडे १८९६ नंतर माणसें धांवत सुटलीं, त्या मुलखाचें हें नांव.

मांडणी अशी. डावीकडून सात ढीग. पहिल्यांत एक पत्ता, दुसऱ्यांत दोन, याप्रमाणें सातव्यांत सात. प्रत्येक ढिगाचा वरचा पत्ता उताणा, बाकीचे पालथे. हे अठ्ठावीस झाले. उरलेले चोवीस हातांत. ढिगावर उतरत्या क्रमानें, तांबड्यावर काळा व काळ्यावर तांबडा असा पत्ता ठेवावयाचा: बदामाच्या नव्वीवर इस्पिकची किंवा किलवरची अठ्ठी. एक्के निघतील तसे वर मांडावे आणि त्यांवर त्याच रंगाची दुर्री, तिर्री असें राजापर्यंत चढवीत जावें. रिकाम्या जागेंत केवळ राजा बसतो. हातांतले पत्ते तीन-तीन काढून वरचाच वापरावयाचा. नवशिका जो पत्ता दिसेल तो वर चढविण्याची घाई करतो, आणि मग खालीं आधाराला नेमका तोच पत्ता नसतो. त्यापेक्षां ज्या ढिगांत पालथे पत्ते अधिक, तो आधीं मोकळा करावा, असें माझें मत आहे. राजा जवळ नसतां जागा रिकामी करण्यांतही कांहीं लाभ नाहीं.

असा खेळ कोणास हवा असतो? सातारा जिल्ह्यांत पांचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं बेल-एअर हें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम काढलें. सांगली-मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडीसही तशीच सोय झाली. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ चा. तोपर्यंत मोकळी हवा, पौष्टिक अन्न व सक्तीची विश्रांति हाच मुख्य उपचार, तोही महिनोन्‌महिने. रोग सांसर्गिक, म्हणून भेटणारे थोडे. बुद्धिबळाला समोर माणूस लागतो. पेशन्सला एक पाट आणि बावन्न पत्ते पुरतात. त्या खाटांवर याहून सोयीचा खेळ कोणता? आणि डाव अडला कीं रोग्याच्या मनांत येणारा प्रश्न नुसता खेळाचा राहत नाहीं: चूक माझी झाली, कीं हा डाव मुळांतच सुटणारा नव्हता?

हाच प्रश्न १९४६ सालीं अमेरिकेंत एका रोग्यानें गंभीरपणें घेतला. स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती मेंदूच्या आजारांतून उठत असतां कॅनफील्ड नांवाचा पेशन्स लावीत. डाव सुटण्याची शक्यता किती, याचें गणित कागदावर बसेना. तेव्हां त्यांना सुचलें, कीं शेंकडों डाव प्रत्यक्ष लावून किती सुटतात तेंच मोजावें. नव्या गणकयंत्रांकडून तें करवितां येईल. जॉन फॉन नॉयमन यांना ही कल्पना पटली, आणि जुगारासाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवावरून या रीतीस ‘माँटे कार्लो’ हें नांव पडलें. पहिला मोठा उपयोग अणुशास्त्रांत झाला.

क्लोंडाइकचा हिशेब आतां यंत्रांनीं मांडला आहे. पालथे पत्ते आधींच ठाऊक असते, तर तीन-तीन पत्त्यांच्या रीतींत शेंकडा सुमारें ८२ डाव सुटतात. म्हणजे पांचांतील जवळजवळ एक डाव कोणाच्यानेंही सुटण्यासारखा नसतो. पण समोर मांडलेला डाव त्यांतलाच आहे कीं नाहीं, हें पालथे पत्ते उलटेपर्यंत खेळणाऱ्यास कळत नाहीं. तो पत्ते गोळा करून पुन्हां पिसूं लागतो.